पाखरांचं विचारा: बहामाची शिलिंध्री, पिवळ्या गळ्याचा वटवट्या आणि पाइनचं जंगल

मागच्या महिन्यात कॉलमच्या शेवटी जागा उरली म्हणून बहामातल्या शिलिंध्रीबद्दल (इंग्रजीत नटहॅच) चार ओळी टाकल्या होत्या, की अटलांटिकमधल्या एकाच बेटावर पाइनच्या जंगलात राहणारा हा एवढासा पक्षी २०१९ च्या वादळानंतर खात्रीने कोणाला दिसलेला नाही. बस एवढंच. तर त्यावरच इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की यावेळी दुसरं काही घेतच नाही. गोरेवाड्याच्या बदकांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

सर, त्याला पंख आहेत ना? मग वादळ येताना उडून बाजूच्या बेटावर का नाही जात? मॅपवर पाहिलं तर फ्लोरिडा जवळच दिसतो. (कॉलेजची विद्यार्थिनी, धरमपेठ)

मॅपवर जवळच आहे. ग्रँड बहामा हे बेट फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून साधारण ९० किलोमीटरवर, आणि स्वतः लांबीला दीडशे किलोमीटर, म्हणजे आपलं नागपूर ते अमरावती. पण शिलिंध्री हा लांब उडणारा पक्षी नाहीच. छोटे पंख, आखूड शेपटी, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर एवढाच त्याचा प्रवास, वर्षभर त्याच जंगलात, स्थलांतर वगैरे काही नाही. समोर उघडा समुद्र आला की त्याच्यासाठी जग संपलं.

आणि समजा गेलाच उडून तरी उतरणार कुठे? बहामात सातशेच्या आसपास बेटं आहेत म्हणतात, त्यातली पाइनचं जंगल असलेली फक्त चार, ग्रँड बहामा, ॲबाको, अँड्रॉस आणि न्यू प्रॉव्हिडन्स. बाकी ठिकाणी झुडपं, खारफुटी, वाळू. हा पाइन म्हणजे कॅरिबियन पाइनचा बहामातला प्रकार, चुनखडीच्या खडकावर, माती म्हणाल तर नावाला. शिलिंध्री या चारातल्या एकट्या ग्रँड बहामावर. तिच्याच जंगलात राहणारा दुसरा एक पक्षी आहे, बहामा वॉर्बलर, त्याला आपण सोयीसाठी पिवळ्या गळ्याचा वटवट्या म्हणू, तो ग्रँड बहामा आणि ॲबाको अशा दोन बेटांवरचा. अँड्रॉसवर एवढा पाइन असून दोघांपैकी कोणीच नाही. बेटांचं असंच असतं, जो जिथे पोचला तिथलाच झाला.

या वटवट्याची अजून एक गंमत. अमेरिकेत याचा एक चुलतभाऊ आहे, तो थंडीत पाहुणा म्हणून बहामात येतो, जसे आपल्या अंबाझरीच्या झाडांवर थंडीत उत्तरेकडून पर्ण वटवटे येतात ना, तसंच. बरीच वर्षं दोघांना एकच जात समजायचे. मग लक्षात आलं की हा बेटावरचा वेगळाच आहे, चोच लांब, पिवळा रंग गळ्यावरून खाली पोटाकडे उतरलेला, गाणं पण वेगळं, आणि हा कुठेही जात नाही. २०११ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे वेगळी जात म्हणून नाव लागून आठ वर्षं होत नाहीत तर वादळ आलं.

खातो काय पण तो? आम्ही मसुरीला गेलो होतो, पाइनच्या जंगलात चिटपाखरू नव्हतं. नुसत्या सुया. (निवृत्त वाचक, मानेवाडा)

काका, पाइनमध्ये वर सुयांकडे बघायचं नाही, खोडाकडे बघायचं. जुन्या पाइनची साल जाड असते, तिच्या ढलप्या सुटतात, भेगा पडतात, आणि त्या भेगांत भुंगे, अळ्या, कोळी, अंडी, सगळा बाजार भरलेला असतो. वटवट्याची ती लांब चोच याच कामाची. बाकीचे वॉर्बलर पानांमध्ये टुणटुण करत फिरतात आणि हा पठ्ठ्या खोडाला आणि जाड फांद्यांना चिकटून सरकतो, चोच भेगेत घालतो आणि आतलं काढतो.

शिलिंध्री तर त्याच्याही पुढे. ती खोडावर डोकं खाली करून उतरते. सुतार पक्षी शेपटीचा टेकू घेऊन वर चढतो, म्हणून त्याला वरून खाली तोंड करून चालणं जमत नाही. शिलिंध्री शेपटी वापरतच नाही, एक पाय वर अडकवायचा, दुसरा खाली रोवायचा आणि चालायचं, वर खाली आडवं कसंही. सुताराला चढताना जो किडा दिसला नाही तो हिला उतरताना दिसतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडे पाइनच्याच जंगलात हिची अगदी जवळची नातलग आहे, तपकिरी डोक्याची, ती तर सालीची एक ढलपी चोचीत धरते आणि तिने दुसरी ढलपी उचकटून खालचे किडे खाते. पक्ष्याने हत्यार वापरल्याची ही नोंद आहे, गंमत नाही. थंडीत किडे कमी झाले की ही मंडळी पाइनच्या बिया पण खातात. त्या अमेरिकन नातलगाचा आवाज लहान पोरांच्या रबरी बदकासारखा, दाबलं की च्यूं करणारा. बहामातलीचा मात्र वेगळा, खूप बारीक आणि थरथरता.

एक लक्षात ठेवा, जाड साल म्हणजे जुनं झाड. कोवळ्या पाइनच्या गुळगुळीत खोडावर यांचं पोट भरत नाही, आणि शिलिंध्रीला घरट्यासाठी वाळलेलं, आतून कुजलेलं खोड लागतं, ते तर आणखीच जुन्या जंगलात मिळतं. खालचं उत्तर वाचताना हे लागेल.

मग मारलं कोणी, वादळाने का माणसाने? सगळीकडे तर क्लायमेट चेंज, क्लायमेट चेंज चालू आहे. (शिक्षिका, प्रतापनगर)

ताई, प्रश्न बरोबर विचारलात, याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

वादळ तर होतंच, नाही कसं म्हणणार. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू नावाचं चक्रीवादळ ग्रँड बहामावर आपटलं आणि त्यानंतर शिलिंध्री दिसेनाशी झाली, बऱ्याच जणांनी तिच्या नावाने हात जोडले. मग २०१८ मध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया युनिव्हर्सिटीचे दोन विद्यार्थी आणि दुसरीकडे युनिव्हर्सिटी ऑफ द बहामासची एक टीम असे दोन वेगवेगळे गट जंगलात शिरले. इंग्लंडच्या पोरांनी ४६४ पॉइंट ठरवले, प्रत्येक पॉइंटवर थांबायचं, तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावायचं आणि वाट बघायची. पायी, त्या काटेरी झुडपांतून, आणि त्यात पॉइझनवूड नावाचं एक झाड असतं ज्याचा चीक लागला की अंगावर फोड येतात. दीडेक महिना काहीच नाही. मग दिसली. दुसऱ्या गटाला पण दिसली, त्यांना तर एकदा दोन एकत्र दिसल्या असं ते म्हणाले. जगभर बातमी झाली. आणि पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर २०१९ ला डोरियन आलं, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वारा, आधी ॲबाकोवर आणि मग ग्रँड बहामावर येऊन ते चक्क थांबलं, दिवसभराहून जास्त वेळ तिथेच घोंघावत राहिलं. माणसं गेली, गावंच्या गावं गेली, तिथे पक्ष्याचं कोण बघतो.

वाऱ्याने झाडं मोडतात ते दिसतं. पण खरा दणका समुद्राच्या पाण्याचा. या बेटांवर नदी नाही. पावसाचं गोडं पाणी चुनखडीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन राहतं, पाइन त्या थरावर जगतो. वादळात समुद्र आत घुसला की तो थर खारट होतो, मग वाऱ्यात टिकलेलं झाडही नंतर उभ्या उभ्या वाळतं. ग्रँड बहामावर हेच झालं, मैलोनमैल वाळलेले पाइन.

आता माणसाकडे येऊ. वादळं त्या भागात आत्ताच यायला लागली का? नाही ना. हजारो वर्षं येऊन राहिली आणि पक्षी तरीही होते, कारण जंगल मोठं होतं, एक कोपरा गेला तर दुसऱ्या कोपऱ्यात चार जोड्या राहायच्या, पुन्हा पसरायच्या. विसाव्या शतकात हे जंगल जवळजवळ सगळं कापलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रँड बहामाचा पाइन कापून ब्रिटनच्या कोळसा खाणींत छताला टेकू द्यायला पाठवायचे. आपल्या उमरेड-कामठीकडच्या खाणींत काम केलेल्या जुन्या लोकांना विचारा, लाकडी बल्ल्यांचा टेकू काय असतो ते सांगतील. मग कागदासाठी कापला. १९५५ मध्ये फ्रीपोर्ट शहर वसवायचा करार झाला, मग रस्ते, हॉटेलं, प्लॉट. कापलेल्या जागी पाइन पुन्हा उगवला हे खरं, पण तो सगळा एकाच वयाचा, बारीक, दाटीवाटीने वाढलेला. वर सांगितलं ना, जाड साल आणि वाळलेलं खोड. तेच नाही. वरून बाहेरून आलेले प्राणी, मांजरी, रॅकून, अंडी खाणारे साप, ही वेगळीच भर.

आकडे बघा. २००४ च्या सुमारास शिलिंध्री हजार ते दोन हजार असाव्यात असा अंदाज होता. २००७ च्या पाहणीत फक्त २३ सापडल्या. मॅथ्यू २०१६ चं. म्हणजे मॅथ्यू यायच्या नऊ वर्षं आधीच ती शेवटच्या टोकाला आली होती. म्हणून डोरियनने मारलं हे वाक्य मला अर्धवट वाटतं. डोरियनने शेवटचा धक्का दिला, टोकावर नेऊन कोणी उभं केलं ते वेगळं. क्लायमेट चेंजने अशी तगडी वादळं वाढत चाललीत, समुद्र वर चढून राहिला, ते खरंच आहे, पण सगळं त्याच्यावर ढकललं की कुऱ्हाडवाला सुटतो.

वटवट्या जरा बरा निघाला कारण त्याची बेटं दोन. ग्रँड बहामावरचा बहुतेक गेला असावा, पण ॲबाकोच्या दक्षिणेकडचं जंगल वाचलं, तिथे तो आहे. आता त्याचं सगळं त्या एका जंगलावर. दोन टोपल्यांतली एक गेली.

आपला रानपिंगळा ११३ वर्षांनी सापडला होता, तशी ही पण सापडेल की! (पक्षीमित्र, काटोल रोड)

भाऊ, तोंडात साखर पडो. पण दोन्ही केसेस वेगळ्या आहेत.

रानपिंगळा १८८४ नंतर १९९७ पर्यंत सापडला नाही, यात पिंगळ्यापेक्षा माणसाचा गोंधळ जास्त होता. रिचर्ड मायनर्टझहॅगन नावाच्या इंग्रज कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेत रानपिंगळा मिळवल्याचं दाखवलं, खरं तर तो म्युझियममधून उचललेला जुनाच नमुना होता. त्यामुळे लोकांचं लक्ष भलत्याच जागी आणि साध्या पिंगळ्याशी होणारी गफलत वेगळीच. पामेला रासमुसेन यांनी ती बनवाबनवी उघडी पाडली, खऱ्या नमुन्यांच्या जागा नकाशावर लावल्या आणि मग नोव्हेंबर १९९७ मध्ये सोबत्यांना घेऊन शहाद्याजवळ आल्या, तर दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. नंतर आपल्या मेळघाटात चांगलेच निघाले. म्हणजे पक्षी होताच, आपण बघत नव्हतो, आणि त्याच्यासाठी जंगल भरपूर होतं.

शिलिंध्रीचं उलट. बेट एक, जंगल एक, शोधणाऱ्यांना ती कुठे असायची ते पक्कं माहीत, आवाज लावून शोधलेली, आणि ते जंगलच वाळलेलं. तरी कागदोपत्री तिला संपली असं लगेच म्हणत नाहीत, गंभीर धोक्यातच ठेवतात, आणि ते बरोबर आहे असं माझं मत. संपली असा शिक्का मारला की त्या जंगलाला मिळणारं लक्ष आणि पैसा दोन्ही थांबतं, आणि मग एखादी उरलेली असेल तर तिचं काय.

जाता जाता, या शिलिंध्रीचं शास्त्रीय वर्णन १९३१ मध्ये ज्यांनी केलं त्यांचं नाव जेम्स बाँड. हो हो, तेच नाव. हे अमेरिकेचे पक्षीतज्ज्ञ, आणि जमैकात राहणाऱ्या इयान फ्लेमिंगला त्याच्या गुप्तहेरासाठी साधंसुधं नाव पाहिजे होतं, ते त्याने यांचंच उचललं.

सातासमुद्रापलीकडच्या चिमणीवर दोन पानं, इथे आमच्या एरियात रस्त्यासाठी झाडं कापून राहिले त्यावर एक ओळ नाही. काऊन? (नाव छापू नये, वर्धा रोड)

चिडलात ते बरं केलं. पण मी त्याच्यावरच तर बोलून राहिलो. झाडं कापणारे दर वेळी सांगतात की एकाच्या बदल्यात पाच लावू, दहा लावू. ग्रँड बहामावर तर कोणाला लावावी पण लागली नाहीत, आपोआप उगवली, वरून बघितलं तर हिरवंगार जंगल. आणि शिलिंध्री त्याच हिरव्या जंगलात कमी कमी होत गेली. जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळा राहतो, तुमच्या ट्री गार्डमधल्या रोपट्यात राहत नाही, त्याला ढोल पडायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच धरा. महानगरपालिकेत हरकत द्यायला जाल तेव्हा नुसती झाडांची संख्या सांगू नका, खोडाचा घेर आणि ढोल्या असलेल्या झाडांचे फोटो लावा. संख्येवर ते संख्येचंच उत्तर देतात.

आमच्या सोसायटीच्या गेटवर दोन पाइन आहेत, मस्त वाढले. त्यावर असे पक्षी येतील का? (गृहिणी, मनीषनगर)

फोटो पाहिला ताई. ते पाइन नाहीत, अरोकेरिया आहेत, नर्सरीवाले ख्रिसमस ट्री म्हणून देतात ते. मूळचे तिकडे पॅसिफिकमधल्या बेटांवरचे. नागपूरच्या उन्हात टिकले म्हणजे तुम्ही पाणी बरोबर देताय. बुलबुल, होले बसतील, घरटं पण करतील कदाचित.

ख्रिसमस ट्रीवरून आठवलं, बहामाच्या बाजूलाच टर्क्स आणि केकोस नावाची बेटं आहेत, तिथे पण हाच पाइन होता. २००५ मध्ये तिथे एक खवल्या कीड सापडली, झाडाचा रस शोषणारी, आणि ती बाहेरून आणलेल्या ख्रिसमस ट्रीवरून आली असं मानतात. नव्वद टक्क्यांहून जास्त पाइन मेला. आता तिथले लोक नर्सरीत रोपं वाढवून पाइन वाचवायच्या मागे लागलेत. त्यामुळे दुसऱ्या गावाहून झाड आणताना पानं उलटी करून बघत जा, पांढरं चिकट काही दिसलं तर घेऊ नका.

पेंचमध्ये, सिल्लारीजवळ, खोडावर उलटा चालत खाली येणारा पक्षी पाहिला. वर निळसर राखाडी, पोट विटकरी. हीच का ती? (इंजिनिअर, हिंगणा)

ती नव्हे, पण तिच्या घराण्यातलीच. आपली तांबूस पोटाची शिलिंध्री. नशीबवान आहात, पानगळीनंतर सागाच्या जंगलात छान दिसते. घरटं जुन्या झाडाच्या ढोलीतच करते, पण दार मोठं असलं की चिखल आणून लिंपते, आपल्या मापाचं होईपर्यंत. पुढच्या वेळी ढोलीच्या तोंडावर वाळलेला चिखल दिसला तर तिथे थांबून बघा. दुसरी एक असते, मखमली शिलिंध्री, कपाळावर काळा पट्टा आणि चोच लालभडक, एकदा पाहिली की विसरणार नाही.

मोबाईलवर शिलिंध्रीचा आवाज लावला तर ती जवळ येते का? बहामात पण तसंच केलं म्हणता. (वरचेच वाचक)

येते. म्हणूनच लावू नका. तिला वाटतं आपल्या इलाक्यात दुसरी घुसली, मग ती किडे शोधायचं सोडून, पिल्लं असतील तर ती सोडून भांडायला येते, आणि तुम्ही फोटो काढून निघून जाता. त्यात मागून दुसरी जिप्सी आली की ते पण लावतात. बहामातल्या लोकांनी लावलं ते पक्षी शिल्लक आहे का नाही हेच बघायचं होतं म्हणून, ठरलेल्या पद्धतीने, प्रत्येक पॉइंटवर ठरलेला वेळ. घरट्याच्या सीझनमध्ये तर अजिबात नाही, आणि व्याघ्र प्रकल्पात गाईडला लाव म्हणून आग्रह पण करू नका, त्याची नोकरी जाऊ शकते.

त्यापेक्षा तिचा आवाज घरी ऐकून ठेवा आणि जंगलात नुसते कान उघडे ठेवा. दिसली की ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, तारीख, जागा आणि किती होत्या ते टाका, एक असेल तर एक टाका, न मोजता नुसता एक्स टाकू नका. २००४ चा अंदाज आणि २००७ चे २३ हे कोणीतरी मोजून लिहून ठेवलं म्हणूनच वरच्या ताईंच्या प्रश्नाला मला काही उत्तर देता आलं.

पुढच्या अंकात गोरेवाड्याची बदकं. फोटो पाठवताना तारीख आणि जागा लिहा, नुसतं हा कोणता पक्षी एवढंच नको.